पॉइंट ठेवायचे की काढायचे

वाटणीच्या दिवशी थोरल्या भावाने दुकान घेतलं आणि मला गाडी दिली. हे मी अजून विसरलेलो नाही आणि पुढेही विसरायचा विचार नाही. एका बाजूला मंठ्याच्या बाजारातलं, ऑइल इंजिनं आणि पाण्याच्या मोटारींचं चालतं दुकान. दुसऱ्या बाजूला साठच्या दशकातली एक पेट्रोल गाडी आणि गोदामातला न खपलेला माल. भावाचं म्हणणं, दुकान त्याने उभं केलं, मी मागून आलो. माझं म्हणणं, उभं त्याने केलं असेल, पण चालवलं मी. गिऱ्हाईक मला विचारत यायचं. पंचांनी भावाचं ऐकलं. पंचांपैकी दोघांच्या विहिरींवर आमच्याच दुकानाची इंजिनं होती आणि दुकान कुणाकडे राहणार हे त्यांनी आधीच ताडलं होतं, एवढंच सांगतो.

मी तेव्हा फार तापट होतो. आता कमी झालोय असं बायको सोडून सगळे म्हणतात. दुकानाच्या पायरीवर, भर बाजारात, मी भावाला म्हणालो की तुझं लोखंड तुला लखलाभ, माझी गाडी तुझ्या दारावरून जाईल तेव्हा बघत बस. भाऊ माझ्यासारखा ओरडत नाही. तो सावकाश बोलतो आणि म्हणून ते जास्त लागतं. बिडी विझवत तो म्हणाला, "जा घेऊन. पन ध्यानात ठेव, एक दिवस माझ्याच दारात लोकायला ढकलायला लावशील ही गाडी."

बाजार हसला. मी गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि ती सुरू झाली. त्या दिवशी ती सुरू झाली याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

ती गाडी मुळात मीच घेतली होती. आम्ही मूळचे टेंभुर्णीकडचे, मेंढरं राखणारे. वडील बाजारात मेंढा विकायचे तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, टाकायची आणि तिच्याखाली बोटं धरून भाव सांगायचा. कोणतं बोट, किती बोटं, यावरून समोरच्याला कळायचं, भोवतीच्या लोकांना काही कळायचं नाही. सौदा पटला की सगळा हात धरून एकदा दाबायचा. मग बोलणं संपलं. हे मी वडिलांच्या शेजारी उभा राहून शिकलो. एक्याऐंशी साली अंकुशनगरच्या एका ऊसतोड कंत्राटदाराला त्याची गाडी विकायची होती. आधी तो बैलांचा दलाल होता. मी त्याच्या हातावर दस्ती टाकली तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला, जसा गावाकडचा माणूस परमुलखात भेटावा. मोटारगाडीचा भाव दस्तीखाली ठरलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. भाऊ बाजूला उभा होता. हात दाबल्यावर मी दस्ती काढली तर त्याने विचारलं, "किती?" मी सांगितलं आणि तो पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याकडे बघून नुसता हसला. त्या हसण्यावर मी दुकानात पुढची काही वर्षं मरमर केली.

त्याच वर्षी वहिनीचे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या म्हणून तिला जालन्याला घेऊन निघालो. वाटूर फाट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागे वहिनी, तिची आई, आणि भोवती ज्वारीची रानं. मला तेव्हा गाडी चालवता यायची, पण बॉनेटच्या टोपणाखाली काय चालतं ते कळत नव्हतं. भाऊ उतरला. त्याने इंजिनाच्या कडेची ती काळी टोपी काढली आणि आतली दोन बारीक टिकल्यांएवढी तोंडं मला दाखवली. त्यांना आमच्याकडे पॉइंट म्हणतात. ती उघडतात, मिटतात, आणि प्रत्येक उघडण्याबरोबर कॉइलमधून करंट उसळून प्लगवर ठिणगी पडते. पण दर उघडझापीत ती थोडी जळतात, त्यांच्यावर खरखरीत पुटकुळी चढते, मधली फट कमी होते, आणि एक दिवस ठिणगी पडत नाही. भावाने काडेपेटी काढली, तिची घासायची बाजू फाडली आणि ती पॉइंटांमधून ओढली. मग खिशातलं पोस्टकार्ड दुमडून फटीत घातलं, स्क्रू आवळला, टोपी लावली. कार्ड अडकत नाही आणि ढिलंही राहत नाही, एवढी फट पाहिजे, असं तो मला वहिनीच्या किंकाळ्यांमध्ये समजावून सांगत होता. गाडी सुरू झाली. दवाखान्याच्या ओसरीपर्यंत आम्ही पोचलो आणि आतल्या खोलीत नेईपर्यंत मुलगी झालीच. वहिनी पुढे सगळ्यांना सांगायची, पोरगी गाडीत होता होता राहिली.

तर ते काडेपेटीचं आणि कार्डाचं काम मला भावाने शिकवलं. हेही विसरलेलो नाही.

वाटणीनंतर मी जालन्याला आलो. जालन्याला भंगाराच्या भट्ट्या आहेत. देशभरचं लोखंड तिथे वितळायला येतं. मी खेड्याखेड्यांतून जळक्या मोटारी, मोडकी इंजिनं, बंद पंप विकत घ्यायचो, त्यातलं धड निघेल ते दुरुस्त करून विकायचो आणि उरलेलं भट्टीवाल्यांना द्यायचो. सगळा धंदा त्या गाडीवर उभा राहिला. तिच्या डिकीत मी असे पंप आणले आहेत की पुढची चाकं जमिनीला नुसती शिवायची. माणसं म्हणायची, आता हिलाच भट्टीत घाल. मी म्हणायचो, आधी तुम्ही जा. धंदा वाढला, माल आणायला टेम्पो आला, घर झालं, पण गाडी विकली नाही. बायको म्हणायची की हट्टापायी ठेवली आहे. बरोबर होतं. मंठ्याला गेलो की मी भावाच्या दारावरून गाडी जोरात नेत असे. थांबत मात्र नसे. लग्न असो, मयत असो, गाडी शाळेच्या मैदानापाशी लावून चालत त्याच्या घरी जायचो. कारण उभी केलेली गाडी परत सुरू होईलच असा भरवसा नव्हता आणि ते त्याचं वाक्य माझ्या कानात होतं. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो: पाऊस, औषध, कुणाचं वय झालं, कुणाचं लग्न ठरलं.

मग त्या मुलीचंच लग्न ठरलं, टेंभुर्णीकडे. पत्रिका द्यायला ती स्वतः आली, आईला घेऊन. पाया पडली, चहा घेतला, आणि म्हणाली, "काका, मला तुमच्या गाडीतून जायचंय सासरी. जीप-बीप नको."

मी म्हणालो, तुझ्या बापाला विचारलंस का.

"विचारलं. ते म्हणले, त्याला जमलं तर आनू दे."

त्याला जमलं तर. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली, कारण आता माझा आवाज चढणार हे तिला कळलं. पण मुलीसमोर मी ओरडलो नाही. म्हणालो, येईल गाडी. ती निघून गेल्यावर बायको म्हणाली, "गाडीचं काय करायचं ते करा. पन आधी भावाशी नीट बोला." मी म्हणालो, आधी गाडी.

म्हणजे प्रश्न असा होता. मंठ्याहून जालना आणि जालन्याहून टेंभुर्णी, भर मे महिन्याच्या उन्हात, नवरीला घेऊन. आणि निघायचं कुठून, तर भावाच्या दारातून. तिथे गाडी एकदा बंद करून, चार तास उभी ठेवून, परत सुरू करायची. नवरा-नवरी आत, सगळा मंठा बाहेर. ती सुरू झाली नाही तर काय होणार हे मला वाटणीच्या दिवसापासून पाठ होतं.

मला कुणीतरी सांगितलं होतं की आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळतं, जुन्या गाड्यांना बसतं, पॉइंटची कटकट जाते, थंड इंजिन पहिल्या किल्लीला धरतं. मी आधी जालन्यातल्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्याला उस्ताद म्हणत आणि तोही स्वतःला तेच म्हणे. त्याने साफ नकार दिला. "पॉइंट मेरे कू दिखता, सेठ," तो म्हणाला. "डब्बा अंदर बैठ के क्या सोचता, किसकू मालूम?" मी हिशेब केला: दर दोन-तीन महिन्यांनी पॉइंट घासायला मी त्याच्याकडे जातो, डबा बसला तर मी जाणार नाही. त्याचं मत मी त्याच्या खात्यावर ठेवलं.

मग औरंगाबादला गेलो. तिथल्या एका मोठ्या पार्टच्या दुकानात काचेच्या काउंटरवर मालकाने तीन वस्तू मांडल्या. पहिली म्हणजे अख्खा नवा डिस्ट्रिब्युटर, ती काळी टोपी आणि तिच्याखालचं सगळं. जुना काढून फेकायचा, हा बसवायचा. दुसरी वस्तू अगदी छोटी: एक लोहचुंबकाची चकती आणि एक बंद, काळा, नखाएवढा तुकडा. पॉइंट उपटून त्यांच्या जागी बसवायचा. काही घासायचं नाही, काही जुळवायचं नाही. तिसरी वस्तू म्हणजे खाचा पाडलेला अॅल्युमिनियमचा डबा. हा डबा इंजिनाच्या बाजूला पत्र्यावर बसतो आणि पॉइंट जागच्या जागी राहतात. फक्त आता मोठा करंट डबा सांभाळतो. पॉइंटांनी नुसता इशारा द्यायचा. त्यामुळे ते जळत नाहीत. आणि डबा बिघडलाच तर त्याच्या वायरीची एक गुडदी काढून दुसऱ्या ठिकाणी खोचली की गाडी परत जुन्या पद्धतीने पॉइंटवर चालते.

मालकाचा जोर दुसऱ्या वस्तूवर होता. तीच महाग होती. "काका, पॉइंटचा जमाना गेला," तो म्हणाला.

मी म्हणालो, "टेंभुर्णीच्या रस्त्यात तुमचा तुकडा जळला तर ढकलायला तुमचा जमाना येईल का?"

तो हसला, पण मी ते हसायला बोललो नव्हतो. उलटसुलट खूप विचारलं. नवा डिस्ट्रिब्युटर बिघडला तर त्याचा सुटा भाग जालन्यात मिळेल का? नाही, इथून मागवावा लागेल. काळा तुकडा बिघडला तर? बदलायचा, दुरुस्त होत नाही. उन्हात किती टिकतो? टिकतो. किती? काका, टिकतो. मला कळलं की त्यालाही ठाऊक नाही. आमच्याकडे नवा बैल घेतला तरी जुना लगेच विकत नाहीत. नव्याने एक हंगाम मान दिली की मग बघतात. मी ठरवलं, पॉइंट काढायचे नाहीत. डबा घ्यायचा. नव्याने काम करावं आणि जुन्याने गोठ्यात उभं राहावं.

आता भाव. तो आकडा इथे सांगत नाही, कारण मालक अजून धंद्यात आहे आणि त्याने मला दिला तो भाव दुसऱ्या कुणाला दिला नसणार. मी दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरलो. एकदा त्याने बोलावलं, एकदा मीच काहीतरी विसरल्यासारखं करून वर गेलो. शेवटी त्याने हात टेकले, तेव्हा मी विचारलं, "वर काय देता?" तो म्हणाला, वर काय द्यायचं, दुकान? मी म्हणालो, दुकान नको, दुकानांचा मला अनुभव वाईट आहे. पॉइंटचा एक नवा जोड द्या. त्याने कपाळाला हात लावला आणि दिला.

तो नवा जोड मी घरी आणून कापडात गुंडाळला आणि बायकोच्या चांदीच्या भांड्यांच्या कपाटात ठेवला. फुकट मिळालेली चांगली वस्तू लगेच वापरायची नाही, हा माझा नियम. गाडीत जुनेच पॉइंट राहिले. डबा असताना त्यांना काय काम होतं?

उस्तादने तोंड वाकडं करत डबा बसवला. बसवून किल्ली फिरवली तर गाडीने असं धरलं की तोही दोन पावलं मागे सरला. "चलती तो है," म्हणाला. पुढचे दोन महिने मी तिला थंड असताना, तापलेली असताना, घाटात, चिखलात, सगळीकडे बंद करून सुरू करून पाहिलं. एकदाही नाही म्हणाली नाही. मी रोज सकाळी उठून तिला नुसता सुरू करायला जायचो, दुधाच्या गायीला हात लावून यावं तसा. डब्याबरोबर एक कागद आला होता. त्यात लिहिलं होतं की इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नये, डबा तापतो. मी ते बरोबर वाचलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं. बायकोने तर देवघराच्या भिंतीवर चिकटवू का म्हणून विचारलं.

लग्नाच्या सकाळी मी गाडी प्रथमच भावाच्या दारात उभी केली. भाऊ मांडवात होता. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आली का." मी म्हणालो, आली. मग मी पंगतीला वाढायला लागलो, कारण मुलीचा काका पंगतीत दिसला नाही तर लोक त्याचा अर्थ काढतात.

गाडी सजवायला एक फुलवाला आला होता. त्याला गाडी लिंबाखाली सावलीत घ्यायची होती, म्हणून मी किल्ली दिली आणि सांगितलं की सावलीत घे, बाकी कशाला हात लावू नको. पण आमच्याकडे नवरीची गाडी मुकाट्याने सजत नाही. सजवणारा सजवतो, भोवती पाहुण्यांची पोरंटोरं आणि वरपक्षाचे दोन-चार फेटेवाले जमतात, आणि टेप वाजलाच पाहिजे. नाहीतर बाहेरून जाणाऱ्याला कळणार कसं की गाडी लग्नाची आहे? माझ्या गाडीची किल्ली जुनी, तिला टेपसाठी वेगळा टप्पा नव्हता. टेप लावायचा तर किल्ली चालूच करावी लागे. फुलवाल्याने केली. अक्षता पडल्या, दोन पंगती उठल्या, आणि एवढा सगळा वेळ त्या लिंबाखाली टेप वाजत होता. मला तो ऐकू येत होता. मी बासुंदी वाढत होतो आणि मनात म्हणत होतो, चांगलं वाजतंय कुठंतरी.

पाठवणीची वेळ झाली. मुलगी रडत येऊन मागे बसली, शेजारी जावई, तिच्या मांडीवर नारळ. वहिनी खिडकी सोडेना. मी पुढे बसलो, मांडवाच्या दिशेने एकदा हात जोडले, आणि किल्ली फिरवली.

इंजिन अडखळत फिरलं आणि धरलं नाही. परत फिरवली. या वेळी फिरणंही जड झालं. टेपने बॅटरीही खाल्ली होती. मी उतरलो, टोपण उघडलं, डब्याला हात लावला आणि काढून घेतला. तव्याला चिकटावा तसा चटका बसला. डबा गेला होता.

गुडदी काढायची आणि दुसरीकडे खोचायची, एवढंच होतं. ते मी केलं. परत किल्ली. काही नाही. तेव्हा मला कळलं की गोठ्यातला बैल दोन महिने नुसता बसून होता. जुने पॉइंट, त्यांच्यातून मोठा करंट गेलेला नाही, त्यामुळे जळून जायचा तो चिकट थर त्यांच्यावर चढलेला. आणि नवा जोड जालन्याला, चांदीच्या भांड्यांत.

वरपक्षाचा एक मामा गर्दीतून मोठ्याने म्हणाला, "काका, नवरी तयार हाये, गाडीलाच सासरी जायचं न्हाई वाटतं." लोक हसले. लग्नातलं हसणं, वाईट नव्हतं. पण लगेच चार-सहा तरुण बाह्या सरसावत मागे गेले आणि कुणीतरी म्हणालं, चला रे, लावा हात.

मी टोपणाआडून भावाकडे पाहिलं. बाजारातल्या पायरीवरचा तो चेहरा मला तिथे बघायचा होता, खरं सांगतो. बघितला असता तर मी किल्ली तिथेच फेकून चालत जालन्याला गेलो असतो. भाऊ मांडवातून येत होता, नवा फेटा, नवं धोतर, खांद्यावर दस्ती. तो गाडीच्या मागे गेला आणि त्याच्या त्या सावकाश आवाजात म्हणाला, "कुणी हात लावायचा न्हाई गाडीला."

तरुण थांबले. एकजण म्हणाला, "अहो दादा, ढकलली की होतीया सुरू."

"ढकलायची न्हाई ही गाडी. माझ्या दारात तर बिलकुल न्हाई." मग पुढे येऊन मला म्हणाला, "हँडल कुठंय?"

त्या जुन्या गाड्यांना पुढून घालून फिरवायचं लोखंडी हँडल असायचं. माझं डिकीत होतं. मी काढून आणलं. तोपर्यंत त्याने काळी टोपी उघडली होती आणि बंडीतली काडेपेटी काढून तिची बाजू फाडत होता. पट्टी त्याने माझ्या हातात दिली. मी पॉइंट घासले. मग तो पुढे वाकून हँडल हळूहळू फिरवू लागला, पॉइंट पुरते उघडेपर्यंत, आणि मी वरून बघत होतो.

"थांब," मी म्हणालो. तो थांबला.

फट मोजायला काही नव्हतं. पोस्टकार्ड कोण बाळगतं आता? मी खिसे चाचपत होतो तेवढ्यात त्याने बंडीतून लग्नाची पत्रिका काढली आणि तिचा कोपरा फाडून पुढे केला. "हे घे. जाड हाये. तुझ्या वहिनीनं दुकानातली सगळ्यात महागाची निवडली." कोपरा फटीत घातला. अडकला नाही, ढिला राहिला नाही. मी स्क्रू आवळला. आम्ही दोघं त्या टोपणाखाली इतके जवळ वाकलो होतो की त्याच्या फेट्याचा तुरा माझ्या कपाळाला लागत होता. वाटणीनंतर आम्ही इतके जवळ उभे राहिलो नव्हतो.

"बस किल्लीवर," तो म्हणाला.

त्याने हँडलला दस्ती गुंडाळली. साठीकडे झुकलेला माणूस, मुलीचा बाप, नव्या धोतरात. जावई खाली उतरून मी फिरवतो म्हणाला तर भावाने त्याला हाताने बसवलं. पहिल्या झटक्याला गाडी नुसती खोकली. भावाने श्वास घेतला आणि परत खेचलं. ती धरली. लिंबावरचे पक्षी उडाले, वाजंत्रीवाल्याला वाटलं आता वाजवायचं आणि त्याने वाजवायला सुरुवात केली.

भाऊ हँडल घेऊन माझ्या खिडकीशी आला. दस्तीसकट त्याने ते माझ्या हातात दिलं आणि दस्तीखाली माझा सगळा हात धरून एकदा दाबला. मग सोडला आणि मुलीच्या खिडकीकडे गेला. कशाचा सौदा, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भाव ठरलेला नसताना पटलेला सौदा माझ्या धंद्यात तेवढा एकच.

मी गाडी हलवली. मुलगी बराच वेळ रडत होती. वाटूर फाटा मागे पडला आणि थोड्या वेळाने तिने डोळे पुसत विचारलं, "काका, इथंच का?" मी म्हणालो, हां, इथंच. तिने जावयाला खिडकीतून बोट दाखवलं. तिथे दाखवण्यासारखं काही नाही. नांगरून तापत पडलेलं काळं रान आणि दूर एक विहीर. तरी तो ते बघत राहिला. मुलगा चांगला आहे हे मला तिथे कळलं. जालन्याला मी घरी थांबलो नाही, इंजिन बंद केलंच नाही. टेंभुर्णीला दिवस असतानाच पोचलो, पूर्ण रस्ता त्या जुन्या पॉइंटांवर आणि पत्रिकेच्या कोपऱ्यावर.

नंतर औरंगाबादला जाऊन त्या मालकाशी भांडलो. तो म्हणाला, किल्ली चालू ठेवली म्हणून जळला. मी म्हणालो, लग्नात टेप वाजणार नाही तर काय वाजणार, तुमच्या डब्याला आमच्या लग्नाची सवय पाहिजे. शेवटी त्याने दुसरा डबा जवळजवळ घरच्या भावात दिला. याबद्दल त्याचा मी आभारी आहे. तो घाबरला होता की हसत होता, ते कळलं नाही. उस्तादने टेपला वेगळी वायर टाकून दिली. चांदीच्या कपाटातला नवा जोड गाडीत बसला. बायकोने विचारलं की पुन्हा डबाच का घेतला, सगळं काढून टाकून साधं ठेवायचं होतं, किंवा तो काळा तुकडा घ्यायचा होता. मी म्हणालो, दोन्ही पाहिजेत. नवं पाहिजे, आणि नवं जळेल त्या दिवशी जुनं हाताशी पाहिजे. ती म्हणाली, "हे गाडीचं सांगताय का?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. तिने या घरात माझ्या रागाबरोबर जे दिवस काढले, त्याचे आभार मानायला मला हा कागद पुरणार नाही.

दस्ती भावाने परत मागितली नाही, मी दिली नाही. ती डिकीत हँडलला गुंडाळलेली आहे. दुकानाबद्दल माझं म्हणणं तेच आहे. ते माझं होतं, निदान अर्धं, आणि कुणी विचारलं तर पंचांच्या विहिरींसकट सगळं सांगायची माझी तयारी आहे. पण मंठ्याला गेलो की गाडी आता शाळेच्या मैदानापाशी लावत नाही. सरळ त्याच्या दारात उभी करतो आणि बंद करतो.